ढिला टॅपेट

गाण्याच्या बाई गाडीतून उतरल्या त्याच मुळी भांडायच्या तयारीत.

"उस्ताद, माझी गाडी टिकटिकते आहे. आणि तुमच्या कानांना भास होतोय, असं म्हणायचं नाही. आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी ते म्हणून झालंय."

उस्ताद तेव्हा पाने पुसून खोक्यात भरत होता. गॅरेज आवरायला काढलं होतं. भिंतीवर प्रत्येक पान्याच्या जागी त्याचा आकार काळ्या रंगात काढलेला होता, म्हणजे संध्याकाळी कोणता पाना जागेवर नाही ते एका नजरेत कळावं. आता पाने खोक्यात गेले होते आणि आकार तेवढे भिंतीवर राहिले होते. त्यांच्याकडे बघायचं तो टाळत होता.

"नवं काम घेत नाही बाई," तो म्हणाला. "रविवारी मुलगी न्यायला येतेय. घर विकलं. आता तिच्याकडेच राहायचं."

"मग रविवारपर्यंत काय माश्या मारणार आहात?"

शेजारच्या शेडमधला वेल्डर डोळ्यांवरची काच वर करून हसला. "बाई, नाही म्हणतोय तो फक्त तोंडाने. कान बघा कसे टवकारलेत ते."

ते खरंच होतं. इंजिनात कुठे काही वाजतंय म्हटलं की उस्तादला राहवत नसे. त्याने हातातला पाना खोक्यात टाकला आणि बॉनेट उघडलं.

इंजिन चालू होतं आणि पोटभर दूध प्यायलेल्या मांजरासारखं समाधानाने गुरगुरत होतं. टिकटिक तर सोडाच, साधी कुरकूर नव्हती. तरी त्याने सगळं रीतसर केलं. तेलाची पट्टी काढून पुसून पुन्हा बुडवली. तेल भरपूर, रंग मधासारखा. प्लग हलवून पाहिले, घट्ट. धुराचा पाइप इंजिनाला जिथे मिळतो तिथे हात फिरवला. कुठून फुसफुस नाही. शेवटी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. अशा वेळी इंजिनाच्या पोटातलं सगळं कानात येतं. साखळी सरसरत होती, पेट्रोलचे फवारे आपापल्या पाळीने उडत होते. सगळी आपापल्या कामात.

"इथे नाही वाजत," बाई म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीकडे चढणारा रस्ता आहे ना, त्या रस्त्यावर वाजतं. माझी एक विद्यार्थिनी तिकडे राहते. संध्याकाळी शिकवायला जाताना वाजतं. परत येताना नाही."

"लॉंड्रीवरून वळल्यावर?"

"बरोब्बर तिथूनच. तुम्हाला कसं कळलं?"

"माझं घर त्याच रस्त्याला आहे," उस्ताद म्हणाला आणि मग घाईघाईने पुढचं बोलला. "चढ आहे तो. चढावर तेल मागे सरकतं. पुढच्या टॅपेटला, म्हणजे झडप ढकलणाऱ्या खुंटीला, तेल कमी पडलं की वाजतो. सोपं आहे."

सोपं नव्हतं ते थोड्याच वेळात कळलं. बाईंनी गाडी चालवली, तो शेजारी बसला. आधी तो त्यांना मुद्दाम इस्पितळाच्या चढावर घेऊन गेला. तो चढ टाकीच्या चढापेक्षा दुप्पट खडा. गाडी गुमान वर गेली, गुमान खाली आली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. शिष्य बेसूर झाला की त्या अशाच बघत असणार.

मग ते लॉंड्रीपाशी आले. गाडी डावीकडे वळली.

टिक.

आवाज कोरडा होता, हलका. स्टीलच्या ताटलीवर नखाने टिचकी मारावी तसा. दर फेऱ्याला एकदा, इतर आवाजांच्या किंचित मागे.

"ऐका," बाई हळूच म्हणाल्या. "लयीतच आहे, पण जराशी मागे. चुकून नाही. मुद्दाम मागे ठेवल्यासारखी."

उस्तादच्या हाताला दाराची मूठ लागली होती आणि ती त्याने धरून ठेवली होती.

"चेहरा का उतरला तुमचा? काही मोठं आहे का?"

"गाडी वळवा."

"घर तर पुढेच आहे ना? हवं तर सोडते."

"नको बाई. वळवा."

गाडी वळली आणि त्याच क्षणी आवाज थांबला. उतारावर आणि पुढे गॅरेजपर्यंत इंजिन पुन्हा मांजरासारखं. बाई म्हणाल्या, "बघा!" त्यांना आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद झाला होता. उस्तादने गाडी ठेवून घेतली आणि परवा या म्हणून सांगितलं.

तो आवाज त्याला ओळखू न येऊन कसं चाललं असतं? त्या आवाजाशी तो तीन वेळा भांडला होता आणि तिन्ही वेळा हरला होता.

लग्न झालं तेव्हा बायको गॅरेजात नुसती पाने हातात द्यायला यायची. पुढे पुढे टॅपेट तीच लावायला लागली. जुन्या गाड्यांत प्रत्येक टॅपेटला एक स्क्रू आणि एक नट असे, आणि मधे कागदाएवढी फट ठेवावी लागे. फट मोजायला पोलादाच्या पातळ पट्ट्या. उस्तादचा हात जड. त्याच्याकडून पट्टी एकतर अडकायची नाहीतर सुळकन निघून यायची. ती डोळे मिटून पट्टी ओढायची. "जरा अडखळली पाहिजे," म्हणायची, "उंबऱ्यावर पाय अडखळतो ना, तेवढीच." मग नट आवळायची आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. मुलीने टाकून दिलेली भडक रंगाची बाटली होती ती. ठिपका ओला असेपर्यंत कोणी जवळ यायचं नाही, तिचं काम चालू असे. ठिपका वाळला की काम पक्कं. मग त्या नटाला नवऱ्यानेही हात लावायचा नाही.

फक्त स्वतःच्या गाडीचा शेवटचा टॅपेट तिने ढिला ठेवला होता.

"मेकॅनिकचीच गाडी वाजते म्हणून लोक हसतात!" तो चिडून म्हणाला होता.

"हसू देत. लॉंड्रीच्या वळणावर वाजली की मला कळतं, तुम्ही आलात. उगाच फाटकापाशी उतरावं लागतं ते टळतं की नाही?"

त्याने गुपचूप तो टॅपेट आवळला. तिने गुपचूप सैल केला, वर ठिपका दिला. तिसऱ्या खेपेला त्याने नाद सोडला.

घर चढावर होतं आणि लोखंडी फाटक जड. गाडी चढावर उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, उतरायचं, फाटक ढकलायचं, पुन्हा बसायचं, आत घ्यायची, पुन्हा उतरून कडी लावायची. तिच्या हयातीत त्याला हे कधी करावं लागलं नाही. वळणावर आवाज व्हायचा आणि तो वर पोचेपर्यंत फाटक सताड उघडं. गाडी आत गेली की पाठीमागे कडी पडल्याचा खण्ण आवाज. तो आरशात बघायचासुद्धा नाही. बघायचं काय त्यात? ती असायचीच.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मग जुनी गाडी दारात बघवेना म्हणून त्याने विकून टाकली. घेणाऱ्याने पुढे ती भंगारात काढली. नवी गाडी घेतली ती अगदी बिनआवाजाची. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो बंद फाटकासमोर थांबत होता. घरात तिची आठवण यायची, जेवताना यायची, पण ती सहन होण्यासारखी होती. हँडब्रेक ओढून उतरताना जी यायची ती मात्र नाही. घर विकायला तो तयार झाला ते खरं म्हणजे त्या फाटकासाठी. मुलीला त्याने हे सांगितलं नव्हतं. मुलगी म्हणाली असती, बाबा, फाटक बदलून घेऊ की.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डर चहाचा ग्लास घेऊन आला. तोही टाकीच्या रस्त्याला राहायचा, उस्तादच्या घराच्या जरा खाली.

"काय रे, जुनी गाडी परत मिळवलीस की काय? हल्ली संध्याकाळी अधूनमधून ऐकू येते. परवा तर बायकोला म्हणालो, आता वहिनी फाटक उघडतील बघ." मग स्वतःचंच बोलणं कानावर पडल्यासारखं होऊन त्याने चहाचा ग्लास पुढे केला. "म्हणजे... सवय रे."

"बाईंची गाडी असते ती. टॅपेट वाजतो."

"नव्या गाडीचा?"

वेल्डरचा प्रश्न बरोबर होता. बाईंच्या गाडीत हायड्रॉलिक टॅपेट होते. त्यांना स्क्रू नसतो, नट नसतो. तेलाच्या दाबाने ते आपली फट आपणच भरून काढतात. त्यांना ढिलं ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येत नाही.

उस्तादने कव्हर खोललं. गरम तेलाचा ओळखीचा वास आला आणि त्याच्या आडून दुसरा एक, गोडसर, नाकात झोंबणारा. तो वास त्या जागी असण्याचं काही कारण नव्हतं.

त्याने एकेक टॅपेट दाबून पाहिला. सगळे टणक. शेवटच्यावर मात्र फट होती. पट्ट्यांचा जुडगा काढून त्याने एक पट्टी निवडली. दुसरी लावून बघायची त्याला गरज वाटली नाही. पट्टी फटीत गेली आणि ओढताना जराशी अडखळली.

त्या टॅपेटच्या डोक्यावर लाल ठिपका होता.

तेलात आणि उष्णतेत नेलपॉलिश टिकत नाही हे त्याला ठाऊक होतं. टिकलं तरी ओलं राहत नाही. त्याने बोट टेकवलं. बोटाला रंग लागला.

कपाटाच्या खालच्या खणात तिची बाटली अजून होती. आवरताना ती फेकायला त्याने दोनदा उचलली होती आणि दोनदा परत ठेवली होती. आता त्याने ती उजेडात धरली. तळाला रंगाचा खडा झाला होता आणि झाकण काही केल्या फिरेना.

तो स्टुलावर बसून राहिला. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. इंजिन म्हणजे कारण आणि परिणाम, एवढंच तो जन्मभर मानत आला होता. आधीच्या गॅरेजवाल्याने खुणेसाठी रंग लावला असेल. टॅपेट खराब निघाला असेल. पट्टी बरोबर बसली हा योगायोग असेल. प्रत्येक गोष्टीला कारण देता येत होतं आणि प्रत्येक कारण दिल्यावर त्याला थोडं वाईटच वाटत होतं.

पण गाडी बाईंची होती. कोणाची गाडी आपल्या दुःखासाठी वाजत ठेवायची नसते. त्याने थिनरच्या बोळ्याने ठिपका पुसला, जुना टॅपेट काढून पत्र्याच्या डब्यात ठेवला, नवा बसवला, कव्हर लावलं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा तो गाडी घेऊन निघाला. लॉंड्रीपाशी त्याने काच खाली केली.

वळण आलं. काही वाजलं नाही.

चढावर अर्ध्यात आल्यावर त्याने वेग कमी केला, मान बाहेर काढून ऐकलं. रस्त्याकडेच्या घरातून भांड्यांचा आवाज, कुठेतरी रेडिओ. इंजिन चालू आहे की नाही असं वाटावं इतकं शांत. आयुष्यात एवढं चोख काम त्याच्या हातून क्वचितच झालं असेल.

फाटक बंद होतं. मागच्याच रविवारी, घर घेणाऱ्याला बरं दिसावं म्हणून, त्याने ते काळं रंगवलं होतं. कडी तर सकाळीच ग्रीस लावून हातानेच पुसून घेतली होती. त्याने हँडब्रेक ओढला. उतरायला दार उघडलं, एक पाय खाली टेकवला, आणि पुढे काही केल्या त्याला उठता येईना.

"अगं," तो म्हणाला. "आलो मी."

ऐकायला कोणी नव्हतं. आणि असतं तरी त्याला कळणार कसं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. ज्या खुणेने तिला कळायचं ती खूण त्याने आताच पुसली होती. त्याआधी जुन्या गाडीसकट विकली होती. आपण इतकी वर्षं मुकाट्याने घरी येत होतो. आत कोणी कान देऊन बसलं असतं तर त्या माणसाच्या हिशेबी आपण अजून परतलोच नव्हतो.

त्याने पाय आत घेतला आणि गाडी मागे वळवली.

वेल्डर शेड बंद करत होता. "काय रे? झालं होतं ना काम?"

"चुकलं जरा."

"तुझं?" वेल्डर हसला, पण उस्तादचा चेहरा बघून त्याने कुलूप लावलं आणि जाताना नुसता खांद्यावर हात ठेवला.

चांगला टॅपेट काढून खराब टॅपेट बसवायचं काम उस्तादने जन्मात केलं नव्हतं. हात नको नको म्हणत होते. डब्यातला जुना टॅपेट त्याने फडक्याने पुसला आणि जिथला तिथे बसवला. बाईंना काय सांगायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. उद्या बघू. आज एकदा, फक्त एकदा, घरी जायचं होतं.

तो निघाला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते.

लॉंड्रीवाला इस्त्री थंड करायला ठेवत होता. त्याने हात केला. उस्तादने हात केला आणि गाडी वळवली.

टिक.

त्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत. गाडी तिच्या चालीने चढत होती आणि आवाज तिच्यासोबत, किंचित मागे, मुद्दाम मागे. खालच्या घराच्या खिडकीत वेल्डर उभा होता. त्याने हात केला नाही.

शेवटचं वळण संपलं.

फाटक सताड उघडं होतं.

त्याने ब्रेक लावला नाही. ती असताना कधी लावला नव्हता तसा. गाडी दोन खांबांमधून आत गेली, नेहमीच्या जागी उभी राहिली. त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि टिकटिकही थांबली.

पाठीमागे खण्ण करून कडी पडली.

त्याने आरशात बघितलं नाही.

खिशातला फोन वाजायला लागला. बराच वेळ वाजू दिल्यावर त्याने घेतला. मुलगी होती.

"बाबा, पोचलात घरी?"

"पोचलो."

"आवाज असा का येतोय तुमचा? जेवलात का?"

"जेवीन."

"फाटक नीट लावलंत ना? रिकामं घर समजून कोणी शिरायचं."

"लागलंय."

"रविवारी सकाळीच येते हं. सामान बांधून ठेवा. आईच्या वस्तू राहू देत, त्या मी बघते."

तो गाडीतून उतरला होता आणि बोलत बोलत फाटकापाशी आला होता. अंगणात कोणी नव्हतं. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड गजांमधून आत पडला होता. कडी पार शेवटपर्यंत सरकवलेली होती, आणि तिच्या टोकाशी, सकाळी त्याने स्वतः पुसलेल्या लोखंडावर, लाल ठिपका होता.

"बाबा? ऐकताय ना? रविवारी."

त्याने बोट टेकवलं, दाबून पाहिलं, मग बोट उजेडात धरलं.

बोट कोरडं होतं. ठिपका वाळला होता.